परसदाराच्या भिंतीतली गांधील: सप्टेंबर ते मार्चच्या नोंदी

घर संगमेश्वर तालुक्यातलं, देवरुखपासून रिक्षाने अर्धा तास. जांभ्या चिऱ्याच्या, मातीत बांधलेल्या भिंती, वर मंगलोरी कौलं. घरात मी, सासरे (त्यांना सगळे भाऊ म्हणतो) आणि नऊ वर्षांची मुलगी. नवरा मुंबईला, शनिवार-रविवारी येतो. जुन्या घरांच्या भिंतींत गांधीलमाश्या घर करतात, हे इकडे नवीन नाही. पण झालं की जो तो मशाल नाहीतर सिमेंट घेऊन धावतो. मीही तेच केलं आणि भाऊंना त्याचा त्रास झाला. म्हणून वहीतल्या नोंदी होत्या तशा उतरवून काढते आहे.

4 सप्टेंबर 2024, बुधवार

गणपतीची झाडलोट. परसदारी लाकडं हलवताना दाराच्या डाव्या बाजूला, साधारण तीन फुटांवर, छातीच्या उंचीला दोन चिऱ्यांच्या सांध्यात भोक दिसलं. आमसुलाएवढं. त्यातून माश्या ये-जा करत होत्या. वरची पन्हळ मे महिन्यात फुटली होती आणि ती बदलायची राहून गेली. पावसाळाभर पागोळी त्याच जागी भिंतीवर पडत राहिली आणि सांध्यातली माती वाहून गेली.

शेजारचे आबा म्हणाले, "सातेरी असेल, मध मिळेल." सातेरी ही मधमाशी असती तर मला आनंदच झाला असता, कारण ती माणूस बोलावून पेटीत घेता येते. म्हणून आधी नीट बघायचं ठरवलं.

5 सप्टेंबर, गुरुवार

सकाळी आठला पंधरा फुटांवर खुर्ची टाकून बसले. मधमाशी असेल तर काही माश्यांच्या मागच्या पायांवर परागाचे पिवळे गोळे दिसतात. इथे एकीच्याही पायावर नव्हते. अंगाने काळपट, पोटावर पुढच्या बाजूला एकच रुंद पिवळा पट्टा, आणि सातेरीच्या दुपटीहून मोठी. एक माशी तोंडात कसलातरी मांसाचा गोळा घेऊन आत शिरली. म्हणजे गांधील, यात शंका उरली नाही.

पाच मिनिटांत आत शिरणाऱ्या मोजल्या: 34. फक्त आत जाणाऱ्या मोजायच्या, बाहेर पडणाऱ्या नाहीत, म्हणजे घोळ होत नाही. रोज त्याच वेळेला मोजायचं. पुढे सगळे निर्णय या आकड्यावरच घेतले, त्यामुळे हे काम पहिल्या दिवशी केलं ते बरं झालं.

आबांचं दुसरं म्हणणं मशालीचं. ते मी तिथेच मोडून काढलं. भिंतीला लागून लाकडं, वर वासे आणि रिपा, पलीकडे पेंढा. आणि बाहेरून धूर दिला तर भिंतीतली माशी कुठे जाणार? आतल्या बाजूला वाट असेल तर थेट माजघरात.

हे मला कळत होतं, तरी संध्याकाळी मी भलतंच करून बसले. शनिवारी गणपती. उद्यापासून चाकरमानी यायचे, दोन दीर, जावा, सहा पोरं. परसदारी न्हाणीघर आणि विहीर, त्यामुळे सगळ्यांचा वावर तिथेच. घाबरून रात्री आठला सिमेंट कालवलं, चिऱ्याची कपची भोकात ठोकली आणि वरून लिंपून टाकलं. काळोखात माश्या सगळ्या आत असतात, तिथेच मरतील, असा हिशेब केला. वेळ वीस मिनिटं, खर्च 60 रुपये.

6 सप्टेंबर, शुक्रवार, हरतालिका

पहाटे साडेपाचला भाऊंनी माजघरातला दिवा लावला. दहा-बारा गांधील बल्बभोवती. त्यांना काही कळायच्या आत तीन डंख: मानेवर, कानामागे, हातावर. भाऊंचं वय 74, रक्तदाबाच्या गोळ्या चालू.

मधमाशीचा काटा अंगात राहतो, गांधिलीचा राहत नाही. तीच माशी पुन्हा पुन्हा डसू शकते. आणि एक डसली की तिच्या विषाच्या वासाने बाकीच्या चवताळतात. म्हणून मारत बसण्यापेक्षा माणसाला आधी तिथून हलवायचं. आम्ही दिवा मालवला, भाऊंना ओटीवर आणलं, माजघराचं दार ओढून घेतलं आणि खालच्या फटीत ओलं फडकं कोंबलं. उजाडल्यावर माजघराची खिडकी बाहेरून लोटून उघडली. तासाभरात बहुतेक माश्या उजेडाकडे निघून गेल्या.

डॉक्टरांनी भाऊंना दोन तास बसवून ठेवलं. बर्फ, अ‍ॅलर्जीची गोळी, दुखण्याची गोळी. घरी पाठवताना दोन गोष्टी बजावल्या. ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला, चक्कर आली, अंगभर गांधी उठल्या तर क्षणही न थांबता दवाखान्यात, कारण तेव्हा अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन लागतं आणि चुना-कांद्याने काही होत नाही. दुसरं, दोन-तीन दिवस लघवीचा रंग बघा. डंख पुष्कळ झाले तर हे विष मूत्रपिंडावर जातं. लघवी कमी झाली किंवा चहासारखी काळपट झाली तर लगेच या. ही दुसरी गोष्ट मला माहीत नव्हती. खर्च 740 रुपये.

दुपारी नवरा आला. तोवर बाहेर लिंपलेल्या जागेसमोर वीसेक माश्या घोटाळत होत्या. रात्री तो रेनकोट आणि हेल्मेट घालून गेला आणि लांब पहारीने कपची पाडून भोक मोकळं केलं. शनिवारी सकाळी माजघरात एकही माशी नव्हती. बाहेरची वाट मिळताच त्यांनी आतली सोडली. बाहेरचं तोंड बुजवल्यावर गांधील मरत नाही, दुसरीकडून निघते. सापडेल ती फट कुरतडून मोठी करते. आमच्याकडे ती फट दाराच्या चौकटीशेजारी होती, हे मला दोन आठवड्यांनी कळलं.

7 ते 12 सप्टेंबर

गणपती-गौरी पार पडले. परसदार बंद. भोकापासून पंधरा फुटांवर काठ्या पुरून सुंभ बांधला. न्हाणीघराला ओटीकडून वळसा. त्या अंगाचे दिवे बंद. आरतीची ढोलकी माजघराऐवजी पडवीत, कारण भिंतीला हादरा नको. जाऊबाईंना गौरीचं पाणी समोरच्या घरच्या विहिरीवरून आणावं लागलं, त्याचं मला फार वाईट वाटलं. पण सहा दिवसांत एकही डंख नाही. मोजणी 33 ते 38.

14 सप्टेंबर, शनिवार

पेस्ट कंट्रोलवाले आले. पंपाने भोकात सायपरमेथ्रिन या कीटकनाशकाचं पाणी मारलं, दहा मिनिटांत काम संपलं, 2,500 रुपये. संध्याकाळी भोकाखाली पन्नासेक मेलेल्या माश्या. रविवारी मोजणी 11. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं की संपलं.

18 सप्टेंबर, बुधवार

मोजणी 36. फोन केला तर ते म्हणाले, "परत मारू, परत पैसे." नको म्हटलं. जांभा चाळणीसारखा असतो आणि सांध्यात माती. मारलेलं पाणी पहिल्या वीतभरातच शोषलं गेलं. पोळं त्याच्या पलीकडे कुठेतरी होतं, आणि कुठे होतं ते आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. चार दिवस आणि अडीच हजार रुपये या एका अज्ञानापायी गेले.

21 सप्टेंबर, शनिवार

सगळ्यात कामाचा दिवस हा, आणि खर्च शून्य.

रात्री दहाला, सगळं शांत झाल्यावर, आतल्या बाजूने स्टीलचा पेला भिंतीला लावून त्याच्या बुडाला कान लावला. वीतभर सरकायचं, ऐकायचं, खडूने खूण करायची. भोकाच्या जागी जवळजवळ काही नाही. दाराकडे सरकत गेले तसा आवाज वाढला, कुणी वाळका पाला मुठीत चुरावा तसा. चौकटीपासून दीड फुटावर सगळ्यात मोठा. तिथल्या गिलाव्यावर तपकिरी ओल होती, तिला आंबूस वास. ती ओल मला महिनाभर पावसाची वाटत होती.

भाऊ खाटेवरून बघत होते. खडूच्या खुणा आडव्या एका रेषेत आलेल्या बघून उठून बसले. "अगो, ते अडसराचं भोक आहे!"

तेव्हा उलगडा झाला. जुन्या दारांना कड्या असल्या तरी रात्री आतून आडवा अडसर ओढायचे. दिवसा तो अख्खा वासा भिंतीच्या पोटात सरकलेला असायचा. म्हणजे दाराच्या एका बाजूला भिंतीच्या आत दाराच्या रुंदीएवढं लांब, चार इंची चौकोनी भुयार असतं, आणि दुसऱ्या बाजूला टोक अडकायला लहानशी खोबण. पंधरा वर्षांपूर्वी नवी चौकट बसवली तेव्हा अडसर चुलीत गेला आणि भुयाराच्या तोंडावर फळीची पट्टी मारली. भुयार तसंच राहिलं. उंदरांनी आतली माती पोखरली, बाहेरून पागोळीने सांधा उघडला आणि गांधिलीला तयार घर मिळालं. सहा तारखेला माश्या आल्या त्या त्या पट्टीच्या कडेच्या फटीतून.

ज्यांचं घर साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं आहे त्यांनी एवढं एक करावं: घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारावं की या भिंतीत पूर्वी काय होतं. अडसर, खुंटी, बुजवलेला कोनाडा, बंद केलेली खिडकी. मी पहिल्याच दिवशी भाऊंना विचारायला हवं होतं.

27 सप्टेंबर, शुक्रवार

रत्नागिरीहून दुसरा माणूस मिळाला. फोनवरच त्याने विचारलं, "आतलं तोंड कुठे आहे?" हा प्रश्न ऐकून मला हायसं वाटलं. त्याने कीटकनाशकाची भुकटी मारायचं सुचवलं, पायरेथ्रॉइड गटातली. पाणी भिंत पिते, भुकटी भोकाच्या काठावर पसरून राहते. माश्या तिच्यावरून चालत आत जातात आणि अंगाला, पायांना लागलेली भुकटी स्वतःच पोळ्यापर्यंत नेतात.

त्याआधी आतली फट बंद करायची. बाहेरची वाट उघडी असताना आतली बंद केली तर चालतं, उलटं चालत नाही. रात्री नवऱ्याने आणि मी केलं. विजेरीवर लाल जिलेटीन पेपर दुहेरी बांधला, कारण लाल उजेड या माश्यांना नीटसा दिसत नाही. फटीत मच्छरदाणीची जाळी घडी करून कोंबली, वर नवी पट्टी स्क्रूने आवळली (हातोडा नाही, हादरा नको), कडांना रुंद चिकटपट्टी. दीड तास. आतून कुरकुर ऐकू येत होती आणि माझे हात थरथरत होते, पण एकही बाहेर आली नाही.

28 सप्टेंबर, शनिवार

माणूस साडेसहाला आला. काळोख पडून माश्यांची ये-जा थांबेपर्यंत बसून राहिला, साडेसातला उठला. अंगभर जाळीचा पोशाख, गमबूट, हातमोज्यांवर दोरी. लांब नळीच्या हातपंपाने चार-पाच हलके फटके भोकात, दोन काठावर. फार मारली तर भोक तुंबतं आणि माश्या तिच्यावरून जाण्याऐवजी दुसरी वाट काढतात, म्हणाला. भोक उघडंच ठेवायला सांगितलं. 3,200 रुपये.

त्याने आणखी बजावलं: कोंबड्या खुराड्यात ठेवा. मेलेल्या माश्यांवर विष असतं आणि कोंबड्या त्या आवडीने टिपतात. आमच्या सात कोंबड्या, हे मला सुचलंच नसतं. विहिरीवर ताडपत्री टाकली. दुसऱ्या दिवसापासून मेलेल्या माश्या झाडूने गोळा करून खड्ड्यात.

29 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर

सकाळच्या मोजण्या: 28 ला (मारण्याआधी) 47. 29 ला 9. 30 ला 2. 1 ऑक्टोबरला 0. घटस्थापनेला, 3 तारखेला, 0. रात्री पेल्यातून आवाज नाही. नवरा म्हणाला, आता बुजवू. मी नाही म्हटलं. एकदा घाई करून बघितली होती.

8 ऑक्टोबर, मंगळवार

भोकाच्या तोंडाशी चार माश्या, फिकट रंगाच्या, धड उडताही न येणाऱ्या. रत्नागिरीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, पोळ्यातल्या बंद घरांत कोश असतात, त्यांच्यापर्यंत भुकटी पोचत नाही. ते पुढचे दोन-तीन आठवडे फुटत राहतात. बाहेर पडणारी माशी काठावरच्या भुकटीवरून जाते आणि मरते, असा हिशेब असतो. पण 5 तारखेला परतीचा पाऊस झाला, फुटकी पन्हळ तशीच होती आणि काठावरची भुकटी धुऊन गेली होती.

म्हणजे पन्हळ मी तिसऱ्यांदा विसरले. त्याच दिवशी बदलून घेतली, आणि भोकाच्या वर हातभर पत्र्याचं छप्पर लावलं, भोकाला न टेकता. 9 तारखेला त्याने येऊन पुन्हा हलकी भुकटी मारली, 800 रुपये.

20 ऑक्टोबर, रविवार

सलग नऊ दिवस शून्य. आत आवाज नाही. वास मात्र वाढला आहे, उंदीर मेल्यासारखा, आणि गिलाव्यावर मुंग्यांची रांग. पोळं आत ठेवून बुजवायचं असा विचार होता, तो सोडला.

27 ऑक्टोबर, रविवार

मिस्त्री आणि एक गडी. आतून चौकटीची पट्टी काढली, मग ओल आलेल्या जागचा गिलावा फोडून एक चिरा सोडवला. हातमोजे, तोंडाला फडकं, मुलीला शेजारी पाठवलं.

चार इंची भुयार उंदरांनी पोखरून दोन फूट लांब आणि फूटभर उंच पोकळी झाली होती. त्यात पोळं. कुजकं लाकूड चावून केलेल्या लगद्याचं, कागदासारखं, तपकिरी आणि पांढरट पट्ट्यापट्ट्यांचं. एकाखाली एक पाच मजले, मधे लहान लहान खांब, आणि सगळ्या घरांची तोंडं खाली. सगळ्यात मोठा मजला जेवायच्या ताटलीएवढा. मी बराच वेळ बघत राहिले. लाकडाचा भुगा आणि थुंकी यांतून हे उभं केलं होतं, आणि शेतात असतं तर मी त्याला हात लावला नसता. आमच्या वांग्यांवरच्या अळ्या याच माश्या नेतात. कुळागरात आंब्याच्या ढोलीत आणखी एक पोळं आहे, घरापासून लांब. ते तसंच राहू द्यायचं, असं भाऊ आणि मी ठरवलं आहे.

अळ्या कुजल्या होत्या, वास त्यांचाच. दोन बादल्या भरल्या. विहिरीपासून लांब दोन फूट खड्ड्यात पुरल्या. पोकळी कोरड्या ब्रशने साफ केली आणि तो ब्रशही पुरला.

28 ऑक्टोबर, सोमवार, वसुबारस

मिस्त्री बाहेरून सिमेंट मारायला निघाला होता. थांबवलं. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा टिकला जीव धरत नाही. दोन पावसाळ्यांत कडेने सुटतो आणि पुन्हा फट. चुना एक, वाळू तीन, त्यात थोडी चिऱ्याची भुकटी. उंदरांनी पोखरलेली जागा चिऱ्याच्या तुकड्यांनी भरली, बाहेरचा सांधा चुन्यात दरजा भरून घेतला आणि मागच्या भिंतीचे बाकीचे सांधेही. अडसराचं मूळ चौकोनी भुयार मात्र भाऊंनी भरू दिलं नाही. त्याचं तोंड जाळी मारून तात्पुरतं बंद केलं.

मजुरी दोन दिवसांची 3,000, चुना-वाळू-चिरे 650. आजवरचा एकूण खर्च 10,950 रुपये. त्यात सिमेंट, पहिली फवारणी आणि भाऊंचा दवाखाना मिळून 3,300 टाळता आले असते. पन्हळीचा खर्च यात धरलेला नाही, ती मेमध्येच बदलायची होती.

16 मार्च 2025, रविवार

शिमग्याची पालखी घरी येऊन गेली. परसदार सताड उघडं होतं.

फेब्रुवारीपासून रोज बघते आहे. जुन्या पोळ्यात त्या परत राहायला येत नाहीत, पण एकटी राणी नवी जागा शोधत फिरते तेव्हा अशीच पोकळी धुंडाळते. गेल्या मंगळवारी एक मोठी माशी त्या सांध्यावरून दोनदा फिरली, चुन्याच्या दरजेवर थोडी चालली आणि उडून गेली.

काल सुतार अडसर घेऊन आला. किंजळीच्या लाकडाचा, साडेतीन फूट, भुयारात सहज सरकेल असा तासलेला. 1,400 रुपये. चौकटीची पट्टी कायमची काढली आणि समोरची खोबणही उघडली. दिवसा अडसर भिंतीत जातो आणि भुयार पूर्ण भरतं, तोंडाशी वीतभर मूठ तेवढी बाहेर राहते. रात्री भाऊ तो स्वतः ओढतात. पुढच्या दाराचं भुयारही काल उघडून बघितलं. त्यात वाळवीची माती आणि पालीची अंडी निघाली, गांधील नव्हती. त्याचं माप सुताराने घेतलं आहे.